हद्दपारीच्या हुकुमाखाली मराठीचे धडे : गॉर्डन हॉल, मुंबई, 1813 ते 1826

प्रकरण

11 फेब्रुवारी 1813 रोजी दोन तरुण अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. गॉर्डन हॉल अठ्ठावीस वर्षांचा, सॅम्युएल नॉट चोविसाचा. नॉटची बायको रोक्साना सोबत होती. शहरात ओळखीचं कोणी नाही, इथली भाषा येत नाही, आणि ‘या लोकांना इंग्लंडला पाठवून द्या’ हा कलकत्ता सरकारचा हुकूम मागावर. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात परवान्याशिवाय राहणं हाच गुन्हा होता, आणि यांच्याकडे परवाना नव्हता.

मराठी छपाईचा इतिहास लिहिताना अमेरिकन मिशन प्रेसचा उल्लेख केल्याशिवाय कोणालाच पुढे जाता येत नाही. पण तिथे चर्चा होते ती खिळ्यांची, अक्षरवळणाची, पहिल्या पुस्तकांची. त्या छापखान्याच्या आधी आणि आजूबाजूला या शहरात रोज उठून, पंतोजीसमोर बसून, उन्हातान्हात फिरून तेरा वर्षं काढलेल्या माणसाकडे आपलं लक्ष जात नाही. मला या प्रकरणात रस आहे तो त्याच्या रोजच्या दिवसात. उद्या जहाजावर चढवतील की महिन्याने, हे ठाऊक नसलेला माणूस परक्या शहरात काय काम हाती घेतो? आणि ज्यासाठी घर सोडलं ते काम फळाला येत नाही हे दिसत असताना तो कशावर टिकतो?

मुंबईला येण्यापूर्वी

हॉल 1784 साली मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ भागात, शेतकऱ्याच्या घरात जन्मला. विल्यम्स कॉलेजातून 1808 साली पदवी घेतली. तिथल्या काही विद्यार्थ्यांनी परदेशी धर्मप्रसाराचा ध्यास घेतला होता, तो त्यालाही लागला. कनेक्टिकटमधल्या एका चर्चने त्याला पाळकाची जागा देऊ केली होती. पगार, घर, मान, सगळं होतं. त्याने नाही म्हटलं. 1810 साली स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने परदेशी पाठवलेल्या पहिल्या पाच जणांत तो होता. 6 फेब्रुवारी 1812 रोजी सेलम गावच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाचांनाही दीक्षा मिळाली : जडसन, न्यूएल, नॉट, हॉल आणि राइस. निघण्यापूर्वी हॉल आणि न्यूएल फिलाडेल्फियाला जाऊन वैद्यकीची व्याख्यानं ऐकून आले होते.

ही मुलं ऑगस्टपर्यंत कलकत्त्याला पोहोचली तेव्हा जग बदललेलं होतं. जूनमध्येच अमेरिकेने ब्रिटनशी युद्ध पुकारलं होतं. म्हणजे हे नुसते बिनपरवान्याचे मिशनरी राहिले नाहीत, शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. त्यात 1806 सालच्या वेल्लोरच्या शिपायांच्या उठावापासून कंपनीला धर्मप्रचारकांची धास्तीच होती. लोकांच्या धर्माला हात लागला तर शिपाई बिथरतील आणि व्यापार बुडेल, असं कंपनीचं साधं गणित. देश सोडण्याचा हुकूम निघाला आणि गट फुटला. जडसन आणि राइस बाप्टिस्ट पंथात गेले. जडसन पुढे ब्रह्मदेशाला पोहोचला. न्यूएल दांपत्य मॉरिशसच्या वाटेला लागलं. प्रवासात हॅरिएट न्यूएलचं नवजात बाळ गेलं आणि 30 नोव्हेंबर 1812 रोजी ती स्वतः तिथे वारली. वय एकोणीस. हॉल आणि नॉट यांनी मुंबईचं जहाज पकडलं.

गव्हर्नर नेपियन आणि कोचीनचं पलायन

मुंबईचा गव्हर्नर सर एव्हन नेपियन स्वतः धार्मिक वृत्तीचा, बायबल सोसायटीच्या कामात मनापासून रस घेणारा. या तरुणांबद्दल त्याला सहानुभूती होती. पण वरचा हुकूम मोडणं त्याच्या अधिकारात नव्हतं. म्हणून त्याने सरकारी माणसाला जमेल ते केलं : पाठवणी लांबवली. या जहाजात जागा नाही, पुढच्या जहाजाचं बघू, कलकत्त्याहून उत्तर येऊ दे. महिने असे गेले.

त्या महिन्यांत हॉल काय करत होता, तर मराठी शिकत होता. मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. ज्याला पुढच्या महिन्यात देश सोडायचा आहे त्याने इथली भाषा का शिकावी? इंग्रजीत पत्रं लिहीत, साहेबलोकांच्या ओळखी काढत, अर्जविनंत्या करत दिवस काढले असते तरी कोणी नाव ठेवलं नसतं. तो अर्ज करतच होता, आणि अर्जाचं उत्तर येईपर्यंत रोज अभ्यासाला बसतही होता. परवानगी मिळाल्यावर काम सुरू करू, असं त्याने म्हटलं नाही. भाषा शिकणं हेच त्याचं चालू काम होतं, आणि त्यासाठी कोणाच्या परवान्याची गरज नव्हती.

नोव्हेंबर 1813 मध्ये मात्र धीर सुटला. इंग्लंडला रवानगी होणार हे नक्की दिसताच हॉल आणि नॉट गुपचूप कोचीनकडे जाणाऱ्या जहाजावर चढले. तिथून सिलोन गाठायचं, कारण सिलोन कंपनीच्या नव्हे तर थेट इंग्लंडच्या राजाच्या अमलाखाली होतं आणि तिथे मिशनऱ्यांना थारा होता. कोचीनला त्यांना अडवलं आणि परत मुंबईला आणलं.

या पलायनाबद्दल मिशनच्या चाहत्यांनी लिहिताना नेहमी त्यांची बाजू घेतली आहे. मला ते तितकंसं पटत नाही. ज्या माणसाने त्यांना मुदत देण्याची जोखीम पत्करली, त्या नेपियनला त्यांनी अडचणीत आणलं, आणि तो दुखावला गेला हे स्वाभाविक होतं. हॉलचं म्हणणं असं की ख्रिस्ताची आज्ञा सरकारच्या आज्ञेहून वरची आहे, आणि आपण पळालो ते त्या आज्ञेपोटी. सद्विवेकाची ही भाषा प्रामाणिक होती यात शंका नाही. पण सद्विवेकासाठी मोजावी लागणारी किंमत दुसऱ्याच्या खात्यावर टाकताना त्या दुसऱ्याला विचारलेलं बरं.

डिसेंबरमध्ये जहाज ठरलं, दिवस ठरला. हॉलने नेपियनला शेवटचं पत्र लिहिलं. त्यात गयावया नाही. या कृत्याचा जाब तुम्हाला आणि आम्हाला एक दिवस देवासमोर द्यायचा आहे, हे ध्यानात ठेवून ठरवा, असा त्याचा सूर. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या, खिशात काही नसलेल्या परदेशी पोराने गव्हर्नरला असं लिहावं हे धारिष्ट्याचंच. नेपियनने पाठवणी थांबवली.

त्या वेळी लंडनमध्ये काय झालं होतं तेही पाहण्यासारखं आहे. जुलै 1813 मध्ये पार्लमेंटने कंपनीची सनद नवी केली. पार्लमेंटचा सभासद विल्बरफोर्स आणि त्याच्या साथीदारांच्या खटपटीमुळे मिशनऱ्यांना परवाना घेऊन हिंदुस्थानात येण्याची वाट त्या सनदेने उघडली होती. अंमल सुरू व्हायचा एप्रिल 1814 पासून. म्हणजे मुंबईत या दोघांना जहाजावर चढवायची तयारी चालली होती तेव्हा धोरण तिकडे आधीच बदललं होतं. पत्रं शिडाच्या जहाजांनी आफ्रिकेच्या टोकाशी केपला वळसा घालून यायची. कागद इकडे यायला चार-सहा महिने लागायचे आणि तेवढ्या काळात माणसाचं नशीब जुन्या कागदावरच ठरायचं. पुढे कंपनीच्या संचालक मंडळात चार्ल्स ग्रँटने त्यांच्या बाजूने शब्द टाकला आणि राहायला परवानगी मिळाली. मार्च 1814 मध्ये विधुर न्यूएल सिलोनहून येऊन त्यांना मिळाला. नॉट 1815 साली यकृताच्या दुखण्याने परत गेला. आणखी वर्षभर हॉल आणि न्यूएल दोघेच होते.

दिवस कसा जायचा

तेव्हाची मुंबई म्हणजे एक कोट आणि त्याच्या बाहेर भराभर वाढणारी वस्ती. 1803 सालच्या आगीत कोटातला मोठा भाग जळला आणि त्यानंतर देशी लोकांची घरं, बाजार, देवळं बाहेर पसरत गेली. पाण्याला विहिरी आणि तळी. पलीकडे साष्टी, त्यापलीकडे खाडी ओलांडून कोकण, आणि घाटावर पेशव्यांचं राज्य. 1818 पर्यंत पुणं दुसऱ्याच्या अमलाखाली होतं, हे लक्षात घेतलं की मुंबईत बसून मराठी निवडण्याचा अर्थ कळतो. शहरातल्या व्यापाराला गुजराती आणि बाजारी हिंदुस्थानी पुरत होती. मराठी घेतली तर बेटाच्या पलीकडचा सगळा मुलूख ऐकू येणार होता.

शिकायला साधनं काय होती? सेरामपूरच्या विल्यम केरीचं मराठी व्याकरण 1805 चं, शब्दकोश 1810 चा, तोही मोडीत. मुंबईत ड्रमंडने 1808 साली गुजराती-मराठीच्या व्याकरणावर एक पुस्तक छापून घेतलं होतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश यायला 1831 उजाडायचं होतं. तेव्हा खरं पाठ्यपुस्तक म्हणजे समोर बसलेले शास्त्रीबुवा. सकाळी त्यांच्याबरोबर अभ्यास. ते बोलायचे, हा लिहायचा, वाचून दाखवायचा, ते सुधारायचे.

शास्त्रीबुवांकडून मिळते ती शास्त्र्यांची मराठी. कोळी, कुणबी, भंडारी, सोनार जे बोलतात ते कानावर पडायला बाहेर पडावं लागतं. हॉल ऊन चढण्याआधी आणि उतरल्यावर, दिवसातून दोन्ही वेळा बाहेर पडे. रस्त्यांचे कोपरे, देवळांची आवारं, तळ्यांचे काठ, लोकांच्या ओसऱ्या. तो आणि न्यूएल आपल्या रोजनिशीत आज कुठे गेलो, किती जणांशी बोललो, काय विचारलं गेलं, हे टिपत. पंधरा माणसं, चाळीस माणसं, एका ठिकाणी हुसकावलं, दुसरीकडे अर्धा तास ऐकून घेतलं, अशा नोंदी पानोपानी. बोस्टनला बोर्डाकडे पाठवायच्या अहवालाला आकडे लागत, हे त्याचं एक कारण. दुसरं मला वाटतं असं की फळ दिसत नसलेल्या माणसाला आज आपण काहीतरी केलं याचा पुरावा संध्याकाळी स्वतःच्या हाताने लिहावासा वाटतो.

लोक त्याला काय म्हणत? मिशनऱ्यांच्या लिखाणात एक उत्तर सतत भेटतं : एका गावाला जायच्या वाटा पुष्कळ असतात, तुमची तुम्हाला, आमची आम्हाला. हॉलला हे उत्तर फार खुपे. त्याच्या मते वाट एकच होती आणि बाकीच्या खड्ड्यात नेणाऱ्या. हे मनाशी पक्कं करूनच तो घरातून निघाला होता. देवळाच्या आवारात उभं राहून, दर्शनाला आलेल्या बाईमाणसासमोर मूर्तिपूजा खोटी आहे असं सांगणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. आजच्या वाचकाला हे बोचतं, मलाही बोचतं. लोकांच्या श्रद्धांवर तो फार कडक लिहितो. ज्यांच्यात राहिला त्यांच्या धर्मात काही घेण्यासारखं असेल ही शक्यता त्याने दारातही उभी केली नाही. त्याच वेळी हेही खरं की ज्या लोकांच्या देवांना तो खोटं म्हणत होता, त्यांनी त्याला बहुतेक वेळा बसायला जागा दिली, वाद घातला, हसले, आणि दुसऱ्या दिवशी परत बोलू दिलं. मुंबईच्या त्या कोपऱ्यांवरच्या लोकांच्या सहनशीलतेचं श्रेय या कथेत कोणी देत नाही. ते द्यायला हवं.

1815 च्या सुमारास तो मराठीत बोलू लागला. लिहून आणलेलं वाचणं वेगळं आणि गर्दीतून आलेल्या आडव्या प्रश्नाला त्याच भाषेत तिथल्या तिथे उत्तर देणं वेगळं. दुसरं जमायला तोंड फुटावं लागतं, आणि ते बाजारातच फुटतं. पुढच्या वर्षांत तो मुंबईबाहेरही जाऊ लागला. मचव्यातून खाडी ओलांडायची, अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला फिरायचं, गावात मिळेल त्या धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओवरीत पाठ टेकायची. फिलाडेल्फियात ऐकलेली वैद्यकी तिथे कामी यायची. औषध मागायला येणारा माणूस प्रवचन ऐकायलाही थोडा वेळ थांबतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पण औषध त्याने प्रवचनाची अट घालून दिलं असं मात्र कुठे दिसत नाही.

1816 च्या डिसेंबरात त्याने मुंबईतल्याच मार्गारेट लुईस या इंग्रज तरुणीशी लग्न केलं. घरसंसाराबद्दल त्याच्या कागदांत फार थोडं येतं. तिच्या दिवसाबद्दल तर आणखी थोडं.

शाळा

सुरुवातीला मिशनने युरोपीय आणि मिश्र वंशाच्या मुलांसाठी इंग्रजी शिकवणी चालवली. मराठी मुलांची पहिली फुकट शाळा 1815 साली निघाली. ती कशी चालायची हे जरा बारकाईने पाहू, कारण इथे हॉलला रोज तडजोड करावी लागत होती.

शिक्षक कुठून आणायचे? शिकवू शकणारी माणसं होती ती पंतोजी, बहुतेक ब्राह्मण. नंतर काही शाळांवर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मास्तरही आले. धर्म बदललेला मराठी शिक्षक तर एकही नव्हता. म्हणजे ज्या धर्मातून मुलांना बाहेर काढायचं त्याच धर्माच्या माणसाच्या हाती शाळा द्यायची. पंतोजी नेहमीसारखाच शिकवायचा : जमिनीवर पोरं, पुढ्यात धूळपाटी, बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचं, पुसायचं, परत गिरवायचं, एका सुरात पाढे, पावकी, निमकी. त्यात मिशनची भर म्हणजे दहा आज्ञा आणि छापून आल्यावर शुभवर्तमानातले उतारे, तेही पंतोजीनेच म्हणून घ्यायचे. मिशनरी मधूनमधून येऊन परीक्षा घेई. गावच्या पंतोजीला एरवी पालकांकडून धान्य, सणावारी काही पैसे मिळत. इथे मिशनचा पगार बांधलेला होता. पालकांच्या खिशाला काही लागत नव्हतं, जात सुटत नव्हती आणि पोराला अक्षरओळख होत होती. त्यांनी पोरं पाठवली.

काही वेळा अफवा उठे की साहेब पोरांना बाटवून जहाजात घालून नेणार. मग शाळा एका दिवसात ओस पडे आणि काही आठवड्यांनी परत भरे. त्या काळच्या मिशन शाळांचं हे नेहमीचंच होतं.

परधर्मी शिक्षक कशाला, हा प्रश्न पाठीराख्यांतही उठत असे. हॉल आणि त्याच्या सोबत्यांचं उत्तर व्यवहाराचं होतं : वाचता येणारा माणूस झाल्याशिवाय छापलेलं पुस्तक कोणाच्या हाती द्यायचं? इथे त्याची दूरदृष्टी मला मान्य करावीशी वाटते. धर्म बदलणारे मिळाले नाहीत. पण वाचणारे तयार झाले.

1824 साली मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. पश्चिम हिंदुस्थानातली ती पहिल्या मुलींच्या शाळांपैकी. मुलीला अक्षर शिकवणं म्हणजे अनर्थ, अशी समजूत असलेल्या काळात पोरींना आणून बसवणं हे मुलग्यांच्या शाळेपेक्षा कितीतरी अवघड होतं. शाळा निघायची, बंद पडायची, दुसऱ्या आळीत निघायची.

छापखाना

नोव्हेंबर 1816 मध्ये होरॅशिओ बार्डवेल हा मिशनरी आला आणि कलकत्त्याहून सामान आणून छापखाना उभा राहिला. 10 मार्च 1817 रोजी आठ पानांची एक मराठी पुस्तिका छापून झाली, प्रती 1500. त्याच वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान. केरीचं बरंचसं मराठी लिखाण मोडीत छापलं जायचं. मुंबईने बालबोध, म्हणजे देवनागरी, घेतली. पुढे मराठी छपाई ज्या लिपीत स्थिरावली तीच.

छपाईचं काम रोज किती घाम काढायचं याची कल्पना आज करणं कठीण आहे. रोमन लिपीला शंभरेक खिळ्यांत भागतं. बालबोधात काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरं. प्रत्येकासाठी वेगळा तुकडा किंवा वेगळा पूर्ण खिळा. जुळाऱ्याने उलटं अक्षर वाचत ओळ लावायची, फर्मा बांधायचा, कच्चं मुद्रित काढायचं. ते हॉलने पंडिताला घेऊन वाचायचं, वाक्य अडखळलं तर बदलायचं, की पुन्हा जुळणी. भाषांतर आणि मुद्रितं तपासणं, यात त्याची पुढची वर्षं गेली. नव्या कराराचं मराठी भाषांतर 1826 साली पुरं छापून निघालं.

1821 साली प्रकृती बिघडल्याने बार्डवेल परतला. त्याच वर्षी जेम्स गॅरेट हा छापखान्यातला माणूस आला. त्याला खरं तर सिलोनला जायचं होतं, पण तिथल्या सरकारने राहू दिलं नाही. एका सरकारने हाकललेला माणूस दुसऱ्या किनाऱ्याला लागतो, हा या मिशनच्या गोष्टीत वारंवार येणारा प्रकार.

हिशेब

ज्या मापाने हॉलने स्वतःला मोजलं असतं त्या मापाने तेरा वर्षांचं फळ जवळजवळ शून्य होतं. 1819 साली हैदराबादकडचा कादर यार खान नावाचा एक मुसलमान गृहस्थ बाप्तिस्मा घेतो. त्यानंतर हॉलच्या हयातीत धर्म बदलणारे बोटांवर मोजावेत इतकेच. 1818 साली याच हॉलने न्यूएलबरोबर अमेरिकेतल्या चर्चांसाठी एक पुस्तिका लिहिली होती. जगातल्या ख्रिस्तेतर लोकांत दर वीस हजारांमागे एक, असे 30,000 मिशनरी पाठवा, असा हिशेब तिच्यात होता. एवढी मोठी गणितं मांडणारा माणूस स्वतः त्या वेळी दिवसाला पन्नास-साठ मुंबईकरांशी बोलून हात हलवत घरी येत होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा नांदल्या, हे मला पूर्ण उलगडलेलं नाही. त्याची श्रद्धा आकड्यांवर उभी नव्हती, आणि तरी तो आकडे सोडत नव्हता.

दुसरा हिशेब माणसांचा. 30 मे 1821 रोजी न्यूएल पटकीने (कॉलऱ्याने) मुंबईत गेला. 1818 पासून शहरात पटकीच्या साथी येत होत्या. ठाण्याला काम पाहणारा जॉन निकोल्स 1824 च्या अखेरीस गेला. एडमंड फ्रॉस्ट 1825 साली. हॉलची स्वतःची मुलं दगावली. उरलेल्या दोन मुलांच्या प्रकृतीला इथली हवा सोसेना म्हणून 1825 साली मार्गारेट त्यांना घेऊन अमेरिकेला निघाली. त्यांतला एक जण वाटेत समुद्रावरच वारला. ती जन्मापासून इंग्रज, लग्नाने अमेरिकन. जो देश तिने कधी पाहिलाही नव्हता तिथे ती एकटी जात होती. तिच्याबरोबर तो का नाही गेला, याचं उत्तर सरळ आहे : मुंबईत काम सांभाळायला माणसं उरली नव्हती. बोर्डाला ते पटलं, हॉललाही पटलं. तिला काय वाटलं ते कोणी लिहून ठेवलं नाही. अशा प्रकरणांचा अभ्यास करताना मिशनऱ्याचा त्याग मोठ्या अक्षरात लिहिला जातो आणि त्याच्या बायकोमुलांनी सोसलेलं तळटीपेत जातं. मी ते इथे मजकुरात आणतो आहे, कारण ज्याला आपण त्याचा निर्धार म्हणतो त्याचा मोठा भार त्या घराने वाहिला.

मार्च 1826

मार्गारेट गेल्यावर काही महिन्यांनी, 2 मार्च 1826 रोजी हॉल घाटावरच्या फेरीला निघाला. मिशनमध्ये वाढलेली दोन पोरं बरोबर होती. नाशिकला पोहोचला तेव्हा तिथे पटकी थैमान घालत होती. जवळची पुस्तकं वाटून संपली, औषधं आजाऱ्यांना देऊन संपली. तो परत फिरला. मुंबईच्या वाटेवर एका खेड्यात रात्री देवळाच्या ओवरीत झोपला असताना, 20 मार्चच्या पहाटे त्यालाच पटकी झाली. औषधाची पेटी रिकामी होती. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. त्याला बेचाळिसावं चालू होतं. पोरांनी खड्डा खणला आणि पेटी नसल्याने त्याला घोंगडीत गुंडाळून पुरलं.

त्याच्यामागे मुंबईत काम करायला मूठभर माणसं राहिली. तरी मुलींच्या शाळा बंद झाल्या नाहीत. 1827 च्या डिसेंबरअखेरीस सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका त्या शाळांसाठी अमेरिकेहून मुंबईला आली. 1839 साली ती अहमदनगरला गेली आणि 1862 साली तिथेच वारली. तिच्या नगरच्या मुलींच्या शाळेचा आपल्यावर झालेला परिणाम जोतीराव फुल्यांनी स्वतः सांगितला आहे, आणि सावित्रीबाईंच्या शिक्षिका म्हणून झालेल्या तयारीतही तिचं नाव येतं. छापखान्यात गॅरेटनंतर थॉमस ग्रॅहमने बालबोधाचे नवे, सुबक खिळे पाडले. ते काम पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला आणि 1831 साली मराठी पंचांग छापलं. ग्रॅहमच्या हाताखाली लहानपणी खिळे घासायला लागलेल्या जावजी दादाजींनी पुढे 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि तिथून वेद, पुराणं, काव्यं, शास्त्रग्रंथ शुद्ध छापून देशभर गेले. हॉल देवळांच्या आवारात ज्या ग्रंथांविरुद्ध बोलत होता, त्यांतले पुष्कळसे.